फोटो पुसट येतात म्हणून मोठी लेन्स घेऊ का? नागपूरच्या उन्हात पक्षी आणि वन्यजीव टिपताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात राहतो, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे. अंबाझरी, गोरेवाडा भागात काढलेले पक्ष्यांचे फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बरे दिसतात, पण संगणकावर मोठे केले की पिसं पुसट. लेन्समध्ये दोष आहे का, आणखी लांब पल्ल्याची घ्यावी का, आणि मे महिन्यात ताडोबाला जायचंय तर सेटिंग काय ठेवावं?

लेन्सवर आणखी पैसे घालू नका, निदान इतक्यात तरी. नागपुरात ६०० मिमीवर पुसट आलेल्या फोटोंपैकी बरेच काचेपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेले असतात, म्हणजे तुमच्या आणि पक्ष्याच्या मधल्या हवेत. तिथे मोठी लेन्स लावली तर बिघाडही मोठा होऊन येतो.

आधी पुसटपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. पक्षी आणि फांदी दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे. फांदी रेखीव आणि फक्त डोकं किंवा पंख ओढलेले असतील तर पक्षी हलला आहे, शटर कमी पडलं. पक्षी पुसट पण त्याच्या मागचं किंवा पुढचं पान स्वच्छ असेल तर फोकस चुकला. आणि फ्रेममध्ये काहीच स्वच्छ नसेल, कडा नागमोडी किंवा दुहेरी दिसत असतील, पाठोपाठच्या फ्रेम एकमेकींशी जुळत नसतील, तर तो झळांचा परिणाम. तापलेली हवा वर चढते, थंड हवा खाली येते, दोघींची घनता वेगळी असल्यामुळे प्रकाश वाकत राहतो. स्टॅबिलायझर, ट्रायपॉड, महागडी लेन्स यांतलं काहीही यावर चालत नाही.

खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. बारीक अक्षरांची एखादी पाटी किंवा मैलाचा दगड गाठा, अंतर साधारण ३० मीटर. लेन्स बीनबॅगवर (दाणे भरलेल्या पिशवीवर) टेकवा, शटर १/२००० सेकंद, आणि सूर्योदयानंतर अर्ध्या तासाच्या आत पंधरा फ्रेमचा बर्स्ट, म्हणजे सलग झपाट्याने काढलेले फोटो, घ्या. तोच बर्स्ट अकरा वाजता त्याच जागेवरून पुन्हा घ्या. सकाळच्या सगळ्या फ्रेम सारख्याच रेखीव आणि अकराच्या प्रत्येक फ्रेममध्ये अक्षरं वेगवेगळी वाकलेली, तर लेन्स निर्दोष आहे. दोन्ही वेळी सारखाच पुसटपणा असेल आणि कॅमेरा डीएसएलआर असेल, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून तोच फोटो काढा. तिथे अक्षरं नीट आली तर ऑटोफोकसची जुळवणी हललेली आहे. मेनूतल्या मायक्रो ॲडजस्टमेंटने किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये ती दुरुस्त होते. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ही भानगड सहसा नसते. चाचणीआधी लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र काढा. ६०० मिमीवर तो एकटाच पिसं पुसायला पुरेसा असतो.

झळा फक्त उन्हाळ्यातच असतात ही समजूत चुकीची आहे. डिसेंबरात पहाटेची हवा गार आणि तलावाचं पाणी तिच्यापेक्षा कोमट असतं. पाण्याला चिकटून ८० मीटरवरच्या बदकांवर लेन्स रोखली की तिथेही हवा थरथरते. डांबरी रस्ता, बांधाचे दगड, सिमेंटचा कठडा, गाडीचं तापलेलं बॉनेट यांच्यावरून जाणारी नजर सगळ्यात वाईट, गवतावरून किंवा सावलीतून जाणारी त्या मानाने बरी. गाडीत एसी चालू ठेवून खिडकीतून फोटो काढणं हा तर हमखास घोटाळा: आतली थंड हवा आणि बाहेरची ४२ अंशांची हवा खिडकीतच एकमेकींत मिसळतात. एसी बंद करा, सगळ्या काचा उतरवा, दहा मिनिटं जाऊ द्या. हिवाळ्यात उबदार गाडीतून लेन्स बाहेर काढल्यावर लेन्सच्या पुढच्या लांब हूडमध्ये (ऊन अडवणाऱ्या नळीत) कोमट हवा अडकते आणि पहिल्या काही मिनिटांच्या फ्रेम त्यामुळे जातात. तेवढा वेळ हूड उतरवून ठेवावा.

म्हणून वेळ आणि अंतर हे दोनच खरे उपाय. डिसेंबरअखेर नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेनऊपर्यंत काम करता येतं. मे अखेरीस तो साडेपाचलाच वर येतो आणि आठ वाजता लांबच्या फोटोंचा दिवस संपतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर साडेसातलाच कॅमेरा पिशवीत गेला तरी काही बिघडत नाही. त्यानंतर फोटो काढायचेच असतील तर १०-१२ मीटरच्या आतले, सावलीतले.

अंतराचा हिशेब एकदा मांडून पाहा. पांढऱ्या छातीचा खंड्या साधारण २८ सेंटिमीटर लांब. ६०० मिमीवर तो २० मीटरवर असेल तर सेन्सरवर त्याची प्रतिमा ८.४ मिमी पडते, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त. ४० मीटरवर ती ४.२ मिमी होते आणि ८० मीटरवर जेमतेम २ मिमी. इथे १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारं, पल्ला वाढवणारं भिंग) लावला तर एफ ६.३ चं एफ ९ होतं, फोकस चाचपडायला लागतो आणि मिळतं काय, तर ८० मीटर अंतर ५७ झाल्याइतकंच. ती तेवीस मीटरची वाट खाली बसून, थांबत थांबत काटली तर फुकटात होते.

जवळ जायची पद्धत: सरळ पक्ष्याच्या दिशेने चालू नका. तिरकं जा, मध्येच थांबा, दुसरीकडे बघा. उभा माणूस पक्ष्याला खुपतो, बसलेला फारसा नाही. अंगावर पांढरा किंवा भडक शर्ट नको. पक्षी पिसं साफ करत असेल, एका पायावर उभा असेल, तर तो निवांत आहे. मान ताठ झाली, शरीर आखडलं, शिटला, की पुढच्या क्षणी उडणार. मान ताठ होताच जागीच थांबा. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा कामाला लागतो. सगळ्यात उत्तम आडोसा म्हणजे तुमची स्वतःची चारचाकी. तारेवर बसलेला नीलपंख माणूस दिसताच उडतो, पण रस्त्याकडेला इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीकडे ढुंकूनही बघत नाही. गाडीतून उतरायचा मोह तेवढा आवरा.

वाऱ्याकडे फार कमी लोक बघतात. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतो आणि उतरतो. सकाळी सूर्य पूर्वेला असतो. वाराही पूर्वेकडून असेल तर पाठीवर ऊन आणि वारा दोन्ही घेऊन उभे राहा, पक्षी तुमच्याकडे तोंड करून, उजेडात उतरेल. वारा पश्चिमेचा असेल तर सकाळी उडत्या पक्ष्यांच्या नुसत्या शेपट्या मिळतात. अशा दिवशी बसलेले पक्षी टिपावेत. अंबाझरीचा बांध तलावाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे बांधावरून सकाळी ऊन पाठीमागून येतं. संध्याकाळी तीच जागा सूर्यासमोर येते आणि पाणकावळ्यांच्या काळ्या आकृत्यांशिवाय हाती काही लागत नाही. अर्थात त्या आकृत्या हव्याच असतील तर याहून सोयीची जागा शहरात नाही.

आता सेटिंग. मोड मॅन्युअल, शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) तुमच्या हातात, आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो. ॲपर्चर एफ ७.१ किंवा ८: या जातीच्या झूम लेन्स ६०० मिमीला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर थोड्या मवाळ असतात. बसलेल्या पक्ष्याला १/८००, स्टॅबिलायझर चांगला आणि पक्षी शांत असेल तर १/५००. बगळा, घार उडताना १/२०००. वेडा राघू किंवा खंड्या झेपावताना १/३२०० च्या खाली जाऊ नका. ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० ठेवा, ढगाळ हवेत ६४००. आयएसओ वाढल्याने आलेले दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निघतात, हललेली पिसं निघत नाहीत. हौशी फोटोग्राफर दाण्यांना घाबरून १/२५० वर फोटो काढतात आणि मग लेन्सला दोष देतात.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची, सवय लावा. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर उणे २/३ ते उणे १, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा ठिपका होतो. उघड्या आभाळापुढे कोतवाल असेल तर अधिक १ ते अधिक १ २/३. काही जुन्या बॉडींमध्ये मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना कॉम्पेन्सेशन चालतच नाही. तिथे शटर प्रायॉरिटी वापरा किंवा आयएसओ हाताने ठरवा.

फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर द्या, मोड सतत चालणारा. अंगठा दाबून धरला की फोकस पाठलाग करतो, उचलला की थांबतो. बाभळीच्या काट्यांतल्या पक्ष्यासाठी एकच लहान पॉइंट वापरा. डोळा ओळखणारी आधुनिक यंत्रणा मोकळ्या जागेत झकास चालते, पण गच्च फांद्यांत पानालाच डोळा समजते. या लेन्सवर १० मीटरवरच्या पक्ष्याला एफ ६.३ ला फोकसची खोली जेमतेम साडेसहा सेंटिमीटर मिळते, ५ मीटरवर दीड सेंटिमीटर. छातीवर फोकस बसला की डोळा गेलाच. लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका असेल तर तो लांबच्या टप्प्यावर ठेवा, म्हणजे चुकल्यावर लेन्स जवळपासून लांबपर्यंत फेऱ्या मारत बसत नाही.

टेकण्यासाठी बीनबॅग पुरे. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवा, आत सुती कापडाची दुसरी पिशवी, तिच्यात दोन ते अडीच किलो तांदूळ किंवा राजमा. आतली पिशवी नसेल तर तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते. गच्च भरू नका, तीन चतुर्थांशच भरा, म्हणजे लेन्सच्या आकाराने बसते. पावसाळ्यात धान्य दमट होतं आणि किडे होतात, म्हणून हंगाम संपला की रिकामी करा.

नागपूरकरांना एक हंगाम मात्र आयता मिळतो: पळस. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर पळस फुलतो, त्याच्या थोडा आधी काटेसावर. त्यावर मैना, भांगपाडी मैना, पळस मैना, कोतवाल, शिंजीर, पोपट, टकाचोर अशी रांग लागते. मोठा, गच्च फुललेला पळस निवडायचा मोह होतो, पण त्यात पक्षी हरवतो. त्यापेक्षा चार-पाच मीटर उंचीचं, एकाकी, खालच्या फांदीवर मोजकीच फुलं असलेलं झाड घ्या. त्याच्या मागे निदान २५-३० मीटर काही नसावं, म्हणजे पार्श्वभूमी विरघळते. तुम्ही १२ ते १५ मीटरवर, ऊन पाठीशी. झाडाखाली उभं राहून वर रोखलेल्या फोटोत पोट आणि पांढरं आभाळ एवढंच येतं, म्हणून जवळ उंचवटा, शेताचा धुरा किंवा बंधारा असेल तो धरा.

पळसाचा खरा सापळा रंगाचा आहे. त्या केशरी-लालीत लाल चॅनल सगळ्यांत आधी भरून सांडतो, आणि साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो. पाकळीचा मखमली पोत जातो आणि फूल प्लास्टिकचं दिसतं. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, लाल टोक उजव्या भिंतीला टेकत असेल तर उणे १/३ ते उणे २/३ द्या, आणि रॉ मध्येच (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पक्षी त्याच त्या फुलांवर फेऱ्या मारतात. पंधरा मिनिटं नुसतं बघितलं की कोणत्या फांदीवर आधी उतरतो ते कळतं. मग त्या फांदीवर फोकस धरून वाट बघायची. फुलं वाकवणं, फांदी तोडून समोर रोवणं, असले उद्योग नकोत. आणि परागाने माखलेली चोच हवी असेल तर सकाळच्या पहिल्या तासाला पर्याय नाही.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून निघताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या आणि बाहेर पोहोचल्यावर अर्धा-पाऊण तासाने उघडा, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. पहिल्या पावसाबरोबर नवरंग येतो. तो दाट झुडपात जमिनीवर असतो, तिथे १/२५० आणि आयएसओ ६४०० अशी तडजोड करावी लागते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. विणीच्या ऐन धामधुमीत तो खाणं सोडून हद्द राखायला धावतो.

घरट्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणंही येतं. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यापुढची दोन पानं ‘फक्त दिसावं म्हणून’ कापली की पिल्लांवर थेट ऊन पडतं आणि शिक्र्याला वाट मोकळी होते. वेडा राघू नाल्याच्या किंवा मुरमाच्या काठात बिळं करतो. बिळाच्या समोर तुम्ही बसलात तर चोचीत चतुर धरलेला पक्षी तारेवरच ताटकळतो आणि पिल्लं उपाशी राहतात. हा फोटो काढायचाच असेल तर बिळापासून लांब, तो नेहमी बसतो त्या काटकीचा काढा. पिंगळ्यावर आणि रातव्यावर रात्री फ्लॅश मारू नका.

आता ताडोबा. वाघासाठी ६०० मिमी लागते हा गैरसमज आधी सोडा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं असतं. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला २० मीटरवर फ्रेमची रुंदी फक्त ७८ सेंटिमीटर असते, म्हणजे वाघाचं तोंड आणि अर्धा खांदा. २०० मिमीला ती सव्वादोन मीटरच्या वर जाते आणि १५० ला तीन मीटरच्या. रस्त्यावर चालत येणाऱ्या वाघासमोर लोक ६०० वर अडकतात आणि कान, पंजे, शेपूट कापलेले शंभर फोटो घेऊन परततात. जिप्सीत बसताना तुमची झूम २०० च्या आसपास ठेवा, गरज पडली तर वाढवा.

मे महिन्यात प्राणी पाणवठ्यावर येतात हे खरं, पण उजेड सगळ्यात वाईट असतो. पाण्यात बसलेल्या वाघाचं डोकं उन्हात आणि धड सावलीत असेल तर उजळ भागाला सांभाळा, उणे २/३, सावली रॉ मधून उचलता येते. दुपारच्या फेरीत शेवटचा तास कामाचा. त्याआधीच्या वेळात सावलीत बसलेले प्राणी आणि जवळ पाणी प्यायला आलेले पक्षी बघा. चालत्या वाघाला १/५००, पाणी उडवत असेल तर १/१६००. इंजिन चालू असेल तर गाडीचा थरथराट थेट फोटोत उतरतो. चालकाला थांबल्यावर इंजिन बंद करायला सांगा, आणि दाबण्याआधी बरोबरच्यांना क्षणभर न हलण्याची विनंती करा. एक जण मागच्या बाकावर उठला तरी फ्रेम जाते. ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी आहे. बीनबॅग आडव्या दांड्यावर टाका. पक्षी हवे असतील तर गाइडला गेटवरच सांगा, नाहीतर सगळी फेरी वाघाच्या मागे जाते. मोबाइलला मनाई असते हे धरूनच निघा. कॅमेऱ्याचं घड्याळ, कार्डांचं फॉरमॅट घरीच उरका.

चालकाला ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणत राहू नका. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई चालक आणि गाइडवर होते, आग्रह मागच्या बाकावरून झालेला असतो. आणि तसाही गाड्यांनी घेरलेल्या प्राण्याचा फोटो कानांवरून ओळखू येतो, ते मागे दाबलेले असतात.

धुळीची तयारी वेगळी. जंगलात लेन्स बदलायची नाही. फेऱ्यांच्या मधल्या प्रवासात झूम लॉक करा आणि कॅमेऱ्यावर ओला नव्हे, कोरडा पांढरा सुती दुपट्टा टाका. धूळ अडते आणि काळी बॉडी तापतही नाही. बाहेर आलेल्या झूमच्या नळीवर धूळ बसली असेल तर ती मागे ढकलण्याआधी ब्लोअर मारा, नाहीतर धूळ आत ओढली जाते. काच पुसताना क्रम असा: ब्लोअर, मऊ ब्रश, शेवटी द्रवाचा थेंब टाकलेलं मायक्रोफायबर. थेट शर्टाच्या टोकाने पुसलं की मुरमाचा कण कोटिंगवर रेघ ओढतो. बंद गाडीत उन्हात कॅमेरा ठेवू नका. बॅटऱ्या सावलीत ठेवा.

फोटो टाकताना घुबडाची ढोली, घरटं किंवा वाघिणीची जागा लिहू नका आणि फाइलमधली जीपीएसची नोंद काढा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांची नोंद मात्र तारीख आणि वेळेसह जरूर करा. पुढच्या वर्षी हिवाळ्यात पट्टकादंब कधी उतरतील याचा अंदाज अशा नोंदींवरूनच बांधता येतो.

शेवटची गोष्ट घरातली, आणि नागपुरात ती हमखास दुर्लक्षित राहते. बुरशी पावसाळ्यातच लागते असं समजून लोक एप्रिल-मेमध्ये कॅमेरा कूलरच्या खोलीतल्या कपाटात ठेवतात. कूलर दिवसभर त्या खोलीत दमट हवा ढकलत असतो, त्यामुळे बाहेर रखरखाट असला तरी कपाट पावसाळी होतं. लेन्स कूलर नसलेल्या खोलीत, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. आत पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० च्या खाली फार काळ राहिला तर रबर आणि वंगण कोरडं पडतं. केशरी दाणे हिरवट झाले की ते पातेल्यात मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर रंग परत येईपर्यंत तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात टाका.